उलटा अ‍ॅम्प, दोन पाट आणि सात सॉकेटं

दसऱ्याच्या दिवशी, २४ ऑक्टोबर २०२३ला, माझा घरी बांधलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, पहिल्यांदा वाजला. तोवर दीड वर्ष गेलं होतं. मी कॉमर्सचा, ओहमचा नियम दहावीनंतर पुन्हा भेटला तो चाळिशीत. वाजला याचंच इतकं अप्रूप होतं की पुढचे सात-आठ महिने त्याच्या पोटात काय चाललंय ते मी फारसं पाहिलंच नाही.

आळस होताच, पण खरं कारण भीती. अ‍ॅम्पमध्ये स्पीकरला ताकद देणारे चार व्हॉल्व्ह आहेत, ईएल८४ जातीचे, दोन डाव्या चॅनलला, दोन उजव्या. बायस फिक्स्ड. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या जाळीला, ऋण व्होल्टेज देऊन त्याचा करंट आपणच ठरवायचा, आणि व्हॉल्व्ह जुने होतील तसा अधूनमधून पुन्हा जुळवायचा. करंट मोजता यावा म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचा कॅथोड (ज्या टोकातून त्याचा सगळा करंट जातो ते) आणि ग्राउंडच्या मध्ये १० ओहमचा रेझिस्टर मी सुरुवातीलाच टाकला होता. पण तो व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या पायांशी, चेसिसच्या आत. आणि करंट कमी-जास्त करायचे प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचे छोटे रेझिस्टर, चेसिसच्या वर. फिरवायचं वरून, मोजायचं खालून. डिझाइन माझंच, तक्रार कोणाकडे करणार?

त्यामुळे बायस बघायचा म्हणजे एक सोहळा असायचा. जमिनीवर दोन पाट, त्यावर अ‍ॅम्प उलटा, मधल्या फटीत व्हॉल्व्ह लोंबतायत, त्यांची धग पाटाला लागतेय. उजव्या हातात मीटरचा प्रोब, डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, तो खालून चाचपत प्रीसेटच्या खाचेत बसवायचा. आणि हे सगळं चालू अ‍ॅम्पवर.

रविवार, ९ जून २०२४. दुपारी चारच्या सुमारास याच अवस्थेत माझा प्रोब घसरला. ईएल८४चा कॅथोड म्हणजे तीन नंबरची पिन आणि ग्रिड दोन नंबरची. मध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. प्रोबचं टोक दोन्हींना टेकलं, ग्रिडचं ऋण व्होल्टेज गेलं आणि व्हॉल्व्हनं मिळेल तेवढा करंट ओढला. स्पीकरमधून ‘धप्प’ झालं, मी हात झटकला, कोपर कपाटावर आपटलं, एचटीचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याचा) २५० मिलिअँपचा फ्यूज उडाला. शॉक लागला नाही. आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, “पाट मोडला का?”

पाट शाबूत होता. फ्यूज बदलण्याआधी, साधारण तासाभरानं, सहज म्हणून पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर मीटर लावला. २१२ व्होल्ट. प्लग काढलेला, दिवे विझलेले, आणि आत २१२ व्होल्ट. फ्यूज कपॅसिटरच्या पुढे असल्यामुळे तो उडाल्यावर साठलेला चार्ज जायला वाटच नव्हती. एरवी अ‍ॅम्प बंद केला की गरम व्हॉल्व्हच तो पिऊन टाकतात, म्हणून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. हा आकडा बघून मात्र खरोखर पाय गळाले. कारण फ्यूज बदलायला मी हात घालणारच होतो.

त्या आठवड्यात इथल्या, पुण्यातल्या रास्ता पेठेतल्या एका काकांकडे गेलो. त्यांचं पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हच्या जमान्यात सुरुवात केलेली, वय आता ऐंशीच्या घरात. फोटो दाखवले.

“एचटी किती आहे?”

“दोनशे नव्वद.”

“आणि दोन्ही हात आत घातलेस?”

मी गप्प.

“मी हात लावणार नाही याला. आधी पॉइंट बाहेर काढ सगळे. मीटर बाहेरून लागला पाहिजे. मग मला बोलव, मी येईन.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि डावा हात खिशात ठेवायचा. पँटला खिसा नसेल तर त्या दिवशी व्हॉल्व्हचं काम करू नये.”

एक हात खिशात ठेवायचा नियम जुना आहे. करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडला तर वाटेत छाती येते. नियम मी वाचलेला होता, पाळलेला नव्हता.

१६ जूनचा पूर्ण रविवार कागदावर गेला. काय काय बाहेर काढायचं? चार कॅथोड तर हवेतच. शिवाय एचटी, बायसचा ऋण पुरवठा, आणि ज्याच्या तुलनेत मोजायचं ते ग्राउंड. मीटर बाहेरून लावायला सात सॉकेटं. सिग्नलच्या ग्रिडलाही पॉइंट काढावा असा मोह झाला, तो सोडला. तिथे लांब वायर जोडली की ती अँटेना होते, घरघर आणि दोलन दोन्ही ओढवून घेते.

कॅथोडसाठी १० ओहम ठेवावा की १, यावर पुष्कळ वेळ घालवला. एक ओहम ठेवला तर हिशेब सोपा, एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँप. पण एक ओहमच्या रेझिस्टरला ०.०५ ओहमचं वायर-सोल्डर लागलं तरी पाच टक्के चूक. दहावर तीच चूक अर्ध्या टक्क्याची. म्हणून दहाच ठेवला. शेवटचा आकडा तोडून वाचायचा, ३०० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँप. फक्त जुने, पाच टक्के इकडेतिकडे असू शकणारे कार्बन काढून एक टक्क्याचे मेटल फिल्म घातले. ते मोजून निवडताना आधी मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि तो आकडा वजा करा. माझ्या प्रोबांचाच ०.३ ओहम निघाला. कॅथोडपासून सॉकेटकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीत, व्हॉल्व्हच्या पायाशीच, १ किलोओहम टाकला. मीटरच्या वाचनाला त्यानं काही फरक पडत नाही, पण बाहेर प्रोब घसरून काहीही शॉर्ट झालं तरी व्हॉल्व्हला पत्ता लागत नाही.

एचटीचं काम मात्र जपून करावं लागतं. २९० व्होल्ट सरळ बाहेरच्या सॉकेटवर आणणं म्हणजे आतली भीती बाहेर आणून ठेवणं. म्हणून शंभराला एक असा विभाजक: ३३० किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक, म्हणजे ९९०, आणि खाली १०. बेरीज बरोबर एक मेगाओहम. २९० व्होल्टचे बाहेर २.९ दिसतात. वर तीन रेझिस्टर अशासाठी की पाव वॉटचा साधा रेझिस्टर सहसा २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. एकट्यावर सगळा भार टाकायचा नाही. खालचा १० किलोओहमही एक न घेता २०चे दोन समांतर घेतले. एक सुटला तर आकडा दुप्पट दिसेल, पण पूर्ण एचटी सॉकेटवर येणार नाही. ही युक्ती काकांची.

ऋण पुरवठ्याला १०० किलोओहममधून बाहेर काढलं, आणि एचटीवर २२० किलोओहम, दोन वॉटचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर साठलेला चार्ज जिरवणारा रेझिस्टर, टाकायचं ठरलं. माझे फिल्टर मिळून साधारण १५० मायक्रोफॅरड. अडीच-तीन मिनिटांत व्होल्टेज एक आकडी होतं. हा रेझिस्टर फ्यूजच्या अलीकडे, थेट पहिल्या कपॅसिटरवर एक, आणि पलीकडेही एक. पलीकडचा नसता तर पुन्हा तोच २१२चा खेळ, फक्त दुसऱ्या कपॅसिटरवर.

खरेदीला २२ जूनला पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. शनिवारी सकाळी अकराच्या आत जावं, नंतर काउंटरवर हात पोचत नाही. कागदावर ओहम, वॉट आणि टक्केवारी लिहून नेलेली बरी; “चांगला दहा ओहम द्या” म्हटलं की पाच टक्क्यांचा मिळतो. दोन मिलिमीटरची नाजूक टेस्ट सॉकेटं मिळाली नाहीत, नेहमीची चार मिलिमीटरची बनाना सॉकेटं घेतली, १५ रुपयांना एक. सुटे म्हणून एक जास्त, आठ झाली १२०. रेझिस्टर सगळे मिळून ६०. पायऱ्यांचं ड्रिल बिट ४५०, हा खर्च मला खुपला. पण पातळ अ‍ॅल्युमिनियमला साध्या बिटनं आठ मिलिमीटरचं भोक पाडून बघा, त्रिकोणी पडतं. पुढे हायलमची (वीज वाहू न देणाऱ्या कडक शीटची) पट्टी १४०ला आणि बनाना प्लगची लीड १८०ला घ्यावी लागली. एकूण ९५० रुपये. व्हॉल्व्हचा खर्च वेगळा, तो खाली येतो.

३० जूनला पालख्या पुण्यात होत्या, रस्ते बंद, कुठे जायचं नव्हतं. तो दिवस भोकांचा. चारही व्हॉल्व्ह काढून मोज्यांत गुंडाळून ठेवले. चेसिसच्या मागच्या पट्टीवर कागदी टेप, त्यावर खुणा, पंचानं ठोका, मग ड्रिल. आत ओलं फडकं पसरलं होतं, तरी अ‍ॅल्युमिनियमचा कीस व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या पिनांत जाऊन बसलाच. ब्रशनं झाडला, टॉर्च लावून पाहिला, पुन्हा झाडला. तासभर तेच. एक बारीक वेटोळं नऊ नंबरच्या पिनेला बिलगून बसलेलं सापडलं, तेव्हा तो तास वसूल झाला.

वायरिंगला पुढचा आठवडा लागला, ऑफिसनंतर रोज थोडं. ७ जुलैला अ‍ॅम्प चालू केला. आधी व्हॉल्व्हशिवाय, नुसता ऋण पुरवठा बघायला. हा क्रम मोडू नका. ऋण व्होल्टेज नसताना व्हॉल्व्ह लावले तर त्यांच्या आतल्या, करंट गोळा करणाऱ्या प्लेटी तापून लाल होतात.

आणि तिथेच एक संध्याकाळ वाया गेली. आतल्या पॉइंटवर बरोबर २० व्होल्ट होते. बाहेरच्या सॉकेटवर १८.२. वायर बदलली, सोल्डर पुन्हा मारलं, १०० किलोओहम काढून मोजला, ९९.८. पुन्हा १८.२. जेवायला बसल्यावर डोक्यात उजेड पडला: मी स्वस्तातला पिवळा मीटर वापरत होतो. त्याचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स एक मेगाओहम. माझे १०० किलोओहम आणि त्याचा एक मेगाओहम मिळून विभाजक झाला, व्होल्टेजचा अकरावा हिस्सा तिथेच गेला. चांगल्या, दहा मेगाओहमच्या मीटरवर १९.८ आले. खराब काहीच नव्हतं. आता मागच्या पट्टीवर त्या सॉकेटखाली ‘मोठा मीटर’ असं मार्करनं लिहिलंय.

व्हॉल्व्ह लावले आणि स्पीकरमधून घूंऽऽ. पूर्वी कान लावला तरी ऐकू येत नव्हतं, आता खोलीच्या दारातून येत होतं. आवाज कमी-जास्त केला तरी तेवढंच. माझ्या अ‍ॅम्पमध्ये सिग्नलचं ग्राउंड चेसिसला एकाच जागी जोडलेलं आहे, मुद्दाम १० ओहममधून. अ‍ॅम्प बंद केला, मीटर लावला. दहा यायला हवे होते, आले ०.४. म्हणजे कुठेतरी दुसरी वाट उघडली होती. काळं, म्हणजे ग्राउंडचं सॉकेट. त्याचा प्लास्टिकचा वॉशर भोकात नीट बसला नव्हता, नट थेट पत्र्याला टेकला होता. वॉशर सरळ केला, घूं गेली. दोन दिवसांनी प्लग खुपसल्यावर सॉकेट किंचित हललं आणि पुन्हा घूं.

सॉकेटं थेट पत्र्यावर बसवायची माझी कल्पनाच चुकली होती. बोहरी आळीतून तीन मिलिमीटरची हायलमची पट्टी कापून आणली, चेसिसला लांब खिडकी कापली आणि सगळी सॉकेटं हायलमवर घेतली. १४ जुलैचा रविवार यात गेला. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर ३० जूनची निम्मी मेहनत वाचली असती. तुम्ही करणार असाल तर सरळ हायलमपासून सुरुवात करा.

२१ जुलै. अ‍ॅम्प पहिल्यांदाच सरळ उभा, टेबलावर, मी खुर्चीवर. काळी लीड ग्राउंडला, लाल पहिल्या कॅथोडला. ३१८ मिलिव्होल्ट. दुसरा ३२५. तिसरा ३०१. चौथा ३९७.

मला वाटत होतं चारही ३२०च्या आसपास असतील, कारण डिसेंबरात होते. चौथ्याला मीटर लावून ठेवला आणि चहा केला. परत आलो तर ४१५. चाळीस मिनिटांनी ४५५. पंचेचाळीस मिलिअँपपैकी स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) चारेक वजा केला तरी २९० व्होल्टवर बारा वॉटला टेकलं, आणि ईएल८४च्या प्लेटची कमाल मर्यादाच बारा वॉट. खोलीतला दिवा मालवून पाहिलं. प्लेट लाल नव्हती अजून. गेले कित्येक महिने मी ‘उजव्या बाजूला काय गोड वाजतंय’ म्हणत होतो, ते हे.

व्हॉल्व्ह बिघडलाय की त्याच्याकडे सिग्नल पोचवणारा, मागचा कपलिंग कपॅसिटर गळतोय? काकांना फोन केला. “तिसरा-चौथा अदलाबदल कर. रोग व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्ह, जागेवर राहिला तर कपॅसिटर.” केलं. रोग व्हॉल्व्हबरोबर गेला. पूर्वी एवढ्यासाठी दोनदा पाट मांडावे लागले असते.

डाव्या चॅनलची भारत इलेक्ट्रॉनिक्सची जुनी जोडी ठणठणीत होती. उजवीकडचे दोन ओळखीतून मिळालेले, छाप पुसलेले. चारही एकसारखे हवेत म्हणून परदेशातून एकमेकांशी जुळवलेल्या चार व्हॉल्व्हचा संच मागवला, २३ जुलैला. पाठवण्याच्या खर्चासह ८,६०० रुपये. २ ऑगस्टला कुरिअरचा संदेश: कस्टम्ससाठी केवायसी अपलोड करा. आधारची पुढची बाजू टाकली, नामंजूर. दोन्ही बाजू टाकल्या, पुन्हा नामंजूर. पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मधलं वडिलांचं नावही. विक्रेत्याला लिहून बिलावर पूर्ण नाव घालून घेतलं, दोन्ही बाजूंची एकच पीडीएफ केली, वर सही केली, तेव्हा १२ ऑगस्टला मंजूर. ‘वस्तूचे वर्णन’ यात विक्रेत्यानं नुसतं ‘ट्यूब’ लिहिलं होतं, त्यावरून एक फोन आला: औषधाची की कसली? मी म्हटलं, रेडिओची. ड्यूटी आणि कुरिअरची हाताळणी मिळून ३,१५० रुपये दारात भरले, २० ऑगस्टला. परदेशातून मागवताना नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर द्या, आणि ड्यूटी किमतीत धरूनच मन तयार ठेवा.

२५ ऑगस्टला नवे व्हॉल्व्ह लावले. आधी चारही प्रीसेट सर्वांत जास्त ऋणकडे, मग चालू, मग एकेक करून २५०पर्यंत, अर्धा तास थांबून ३००. एक वर केला की एचटी किंचित उतरते आणि बाकीचे तीन हलतात, म्हणून चारही फेऱ्या पुन्हा. दोन तासांनी: ३०१, २९८, ३०३, ३००. एचटी २.८८. रात्री अकराला मेन्स २२८ची २४२ झाली तेव्हा एचटी ३.०५ आणि कॅथोडही थोडे हलले. म्हणून वहीत आता नुसता बायस लिहीत नाही. तारीख, वेळ, मेन्स, एचटी आणि मग चार आकडे. आवाजात काय फरक पडला असं मित्र विचारतात. घूं नाही, एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.

काकांना बोलवायचं राहिलं होतं. ते गौरी-गणपतीत आले, मोदक खाऊन झाल्यावर अ‍ॅम्पच्या खोलीत. चष्मा बदलला, मागच्या पट्टीवरची लेबलं एकेक करून वाचली. ‘मोठा मीटर’ वाचून हसले. मी मीटर पुढे केला. काळी लीड लावून त्यांनी लाल उचलली. समोर धोक्याचं काही नव्हतं, कॅथोडच्या सॉकेटांवर अर्धा व्होल्टसुद्धा नाही, तरी डावा हात सवयीनं झब्ब्याच्या खिशात गेला. पहिला, दुसरा, तिसरा वाचला. चौथ्या सॉकेटपाशी थांबले, प्लग बोटानं डावी-उजवीकडे हलवून पाहिला.

“याचा नट ढिला आहे,” म्हणाले, “आवळ.”